सरकत्या कपाटाची न दिसणारी बाजू

घरात नवीन कपाट झालं की बघायला येणारा प्रत्येक जण तीन गोष्टी करतो. सनमायकावरून हात फिरवतो, दार एकदा इकडे एकदा तिकडे सरकवतो आणि विचारतो, "किती लागले?" चाळीसगावच्या आमच्या घरी मागच्या मार्चमध्ये भिंतीतलं, छतापर्यंतचं, सरकत्या दारांचं कपाट झालं, तेव्हा मीही एवढंच केलं. माझा पीएच.डी.चा विषय लाकूड आणि हवेतला ओलावा आहे, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

श्रावणात घरी गेले तर आईचं पहिलं वाक्य, "दार सरकस नही." मागचं दार मधल्या फळीच्या कडेला घासत होतं. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून हौसेने करून घेतलेली ही एकच गोष्ट, आणि ते रोज दाराला खांदा लावत होते.

म्हणून आज या कपाटाचं परीक्षण. आधी त्याच्या बाजूने बोलू. 10 बाय 10 ची खोली, त्यात डबल बेड. दोन फुटांचं दार बिजागरीवर उघडायचं तर समोर दोन फूट जागा मोकळी ठेवावी लागते. सरकत्या दाराला काहीच लागत नाही. हा फायदा खरा आहे, नुसती फॅशन नाही. बदल्यात दोन ट्रॅकना खोलीत तीन-चार इंच जातात आणि एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. आईला साडी आणि बाबांना शर्ट एकदम हवा असेल तर एकाने थांबायचं. हा सौदा मला मान्य आहे.

मग बिघडलं कुठे? इथे थोडं संशोधन.

लाकूड कापलं, रंगवलं, तरी ते हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत राहतं. हवेतली आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 6 टक्क्यांवर येऊन थांबतं. आर्द्रता 80 टक्के झाली की तेच 15-16 टक्क्यांपर्यंत चढतं. आपल्याकडचा मे आणि आपल्याकडचा ऑगस्ट आठवा. म्हणूनच लाकडात किती ओल चालेल हे सांगणारं आयएस 287 हे भारतीय मानक देशाचे हवामानानुसार चार विभाग करतं. कोकणात चालेल ते खानदेशात चालेलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, पण हे तर प्लायवूड! बरोबर. प्लायवूडमध्ये पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही. त्यामुळे ते फार कमी हलतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आमच्या दाराला बाहेरून सनमायका होता, आतून नुसता रंग. बाहेरून ओल जवळपास बंद, आतून चालू. समजा पावसाळ्यात आतली बाजू बाहेरच्यापेक्षा फक्त 0.03 टक्के जास्त लांबली. 7 फुटी दारात हा फरक जेमतेम 0.6 मिलिमीटर. पण 18 मिलिमीटर जाडीचं दार त्यामुळे धनुष्यासारखं वाकतं आणि मधला भाग सुमारे 9 मिलिमीटर आत जातो. फळी तर त्याआधीच लागते.

बिजागरीच्या दाराला चार-पाच ठिकाणी पकड असते, ते वाकलं तरी उघडतं, फार तर वाईट दिसतं. सरकतं दार फक्त वर आणि खाली धरलेलं असतं, मधे कोणी नाही. शिवाय खालचा ट्रॅक ज्या फरशीवर, ती फरशी काळ्या मातीवर. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती घराला पूर्ण स्थिर कधीच राहू देत नाही. म्हणजे सरकतं दार सरळपणा मागतं तो नेमका अशा ठिकाणी, जिथे लाकूडही हलतं आणि जमीनही.

जुन्या सुतारांना हे माहीत होतं. जाड भिंतीतलं फडताळ आठवतंय? भिंतीतलं कपाट ही काही नवीन गोष्ट नाही. त्याचं दार दिलहेबंद असे: चौकटीच्या खाचेत दिलहा सैल बसवलेला, सरस न लावता. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आक्रसतो. दिलह्याला हलायला जागा दिली की चौकट शाबूत राहते. जपानी घरांतल्या ओशिइरे या भिंतीतल्या कपाटाचं दार तर सरकतंच असतं. पण ते हलक्या चौकटीवर कागद लावून केलेलं असतं आणि वरची खाच खोल ठेवलेली असते. दार उचललं की निघून येतं. दोन्ही दारं काढा, अख्खं कपाट उघडं. तिथला उन्हाळाही दमट असतोच. तेव्हा दोष सरकण्यात नाही. आपण सरकणं तेवढं घेतलं, त्यामागची सोय घेतली नाही.

आता कबुली. आतूनही सनमायका लावायचा का, असं मिस्त्रींनी विचारलं होतं. फोनवर मीच म्हणाले, "आतून कोण बघणार, पैसे वाचवा." दिवसभर लाकडाचे तुकडे तोलणाऱ्या मुलीने हे सांगितलं! मिस्त्रींना मी काही बोलले नाही. बोलणार काय?

तुम्ही करून घेणार असाल तर दाराच्या दोन्ही बाजूंना सनमायका लावून घ्या. आतला थोडा पातळ असला तरी चालतो, पण हवाच. ट्रॅक बसवण्याआधी फरशीची लेव्हल पाण्याच्या नळीने तुमच्यासमोर बघायला सांगा. ट्रॅक स्क्रूने बसवा, चिकटवू नका, आणि दार उतरवता येतं का ते पहिल्याच दिवशी उतरवून बघा. पावसाची ओल येणारी भिंत असेल तर कपाटाची पाठ तिला टेकवू नका.

जानेवारीत, हवा कोरडी असताना, मिस्त्रींनी दारं उतरवून आतून सनमायका लावला. या ऑगस्टमध्ये मी दाराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोरी ताणून मोजलं: मधे 3 मिलिमीटर. दार सरकतं. तुमच्या घरीही मेमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा दोरी लावून बघा. आणि कोणाचं नवीन कपाट बघायला गेलात तर दार सरकवून झाल्यावर त्याच्या आतल्या बाजूवरही हात फिरवा.