शिळ्या कढीला ऊत? 'स्ट्रे कॅट्स'चा पहिला अल्बम

जुनं संगीत नव्यानं वाजवणाऱ्यांवर एक आरोप ठरलेला असतो: शिळ्या कढीला ऊत. 'स्ट्रे कॅट्स'वर तो करणं तर फारच सोपं आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची ही तीन पोरं. ब्रायन सेत्झर गाणार आणि गिटार वाजवणार, ली रॉकर डबल बासवर, स्लिम जिम फँटम ड्रम्सवर. केसांच्या फुग्यापासून गिटारपर्यंत सगळं १९५०च्या दशकातलं. पण सेत्झरचा जन्मच १९५९चा. ज्या काळात तो रमतो, तो त्यानं पाहिलेलाच नाही.

१९८० साली तिघं लंडनला गेले. तिथं पंकच्या धुमाळीतही रॉकबिली ऐकणारे लोक होते. फेब्रुवारी १९८१मध्ये 'अरिस्टा' या मोठ्या कंपनीनं त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये काढला. नाव बँडचंच.

रॉकबिली मुळात भेसळीतून आलेली. १९५४मध्ये एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं गाणं होतं, दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास. साथीला गिटार आणि बास, ड्रम नव्हताच. म्हणजे ज्याला आज आपण 'शुद्ध' रॉकबिली म्हणतो, ती जन्मली तेव्हा उसनवारीच होती. मग प्रश्न उसनं घेतलं का, हा नाही. घेताना काय निवडलं, हा आहे.

'रॉक धिस टाउन' हेडफोन लावून ऐका. फँटम उभ्यानं वाजवतो, मोजकेच ड्रम घेऊन. रॉकर बासच्या तारा ओढून सोडतो आणि त्यांचा फळीवर आपटल्याचा आवाज तालाचं निम्मं काम करतो. त्यामुळे सेत्झरच्या गिटारला मोकळी जागा मिळते. ही काटकसर जुनी आहे, पण धसमुसळेपणा पंक ऐकून मोठ्या झालेल्या पोरांचा आहे. 'स्ट्रे कॅट स्ट्रट'मध्ये ते याच्या उलट करतात. एक एक पायरी उतरणारे कॉर्ड, जॅझची ढब, कसलीही घाई नाही. इथं वारसा त्यांच्या अंगात मुरलेला आहे.

'उबांगी स्टॉम्प'मध्ये मात्र तो नुसता उचललेला आहे. वॉरन स्मिथनं १९५६ साली 'सन'साठी गायलेलं हे गाणं म्हणजे आफ्रिकेतल्या माणसांचं आणि त्यांच्या नाचाचं गोऱ्या नजरेतून काढलेलं व्यंगचित्र. वाजवलंय झकास, म्हणूनच जास्त खटकतं. ज्या संगीताची अर्धी मुळं कृष्णवर्णीय अमेरिकेत आहेत, त्यातलं हेच गाणं पंचवीस वर्षांनी जसंच्या तसं पुन्हा का गावं? जुनं आहे म्हणून सगळंच जपायचं ठरवलं, की त्यातला कचराही जपला जातो.

'स्टॉर्म द एम्बसी'त उलट घडतं. हे गाणं तेहरानमधल्या अमेरिकन ओलिसांबद्दलचं. ते ओलीस सुटले २० जानेवारी १९८१ला, अल्बम आला त्यानंतर काही आठवड्यांतच. गाण्यातला राग बाळबोध आहे, राजकारण त्याहून बाळबोध. तरी अख्ख्या अल्बममध्ये १९८१ साल उघडपणे आत शिरतं ते इथंच, आणि बँड क्षणभर वेशभूषा विसरतो.

१९८२मध्ये या आणि पुढच्या ब्रिटिश अल्बममधली गाणी निवडून अमेरिकेत 'बिल्ट फॉर स्पीड' निघाला आणि बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. त्यात 'उबांगी स्टॉम्प' नाही आणि 'स्टॉर्म द एम्बसी'ही नाही. अमेरिकेला मिळाली ती नीट विंचरलेली, कुणालाही न टोचणारी स्मृती. ऐकायचाच असेल तर १९८१चा ब्रिटिश अल्बमच ऐका. त्यात लाज वाटावी असं एक गाणं आहे, अडखळणारं एक आहे, आणि तीन वाद्यांवर खोली हलवून सोडणारी बरीच आहेत. कढी शिळी नव्हती, हे पटायला ती सगळी लागतात.