‘सॅमकॅम’ आणि ‘सेफिन’ : नामकरणाचा एक विचार

राजकीय पुरुषांच्या पत्नींविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन होते त्याकडे समीक्षक सहसा वळत नाहीत, आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक तर ही सामग्री हीन मानतात. वस्तुतः भाषेच्या सवयी घाईत लिहिलेल्या मजकुरात जितक्या उघड्या पडतात तितक्या जपून रचलेल्या गद्यात पडत नाहीत. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांच्या पत्नी सॅमान्था कॅमरन यांच्याविषयीचे इंग्रजी वृत्तलेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम चरित्राचा क्रम पाहू, कारण हाच क्रम त्या लेखनात वारंवार उलटा होतो. सॅमान्था शेफील्ड यांचा जन्म १९७१ चा. वडील सरदारघराण्यातील, आई स्वतः अलंकारांच्या व पुढे गृहसजावटीच्या व्यवसायात पडलेल्या. ब्रिस्टल येथे ललितकलेचे शिक्षण झाल्यावर त्या स्मिथसन या १८८७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या पेढीत आल्या आणि तेथे क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या पदापर्यंत पोहोचल्या. उंची कागद व रोजनिश्यांसाठी प्रसिद्ध असलेली ही पेढी त्यांच्या काळात चामड्याच्या हातपिशव्यांसाठीही ओळखली जाऊ लागली. त्यांतील एका पिशवीस त्यांच्या मुलीचे, नॅन्सीचे, नाव होते. त्यांचा विवाह १९९६ साली झाला, पती पक्षाचे नेते झाले ते २००५ च्या अखेरीस आणि पंतप्रधान झाले ते ११ मे २०१० रोजी. म्हणजे पंतप्रधानपत्नी होण्यापूर्वीच त्या आपल्या व्यवसायात स्थिर झाल्या होत्या. उलट, पती पदारूढ होताच त्यांनी ते पूर्णवेळ पद सोडून अंशकालीन सल्लागाराचे काम पत्करले. ब्रिटिश राज्यपद्धतीत पंतप्रधानाच्या पत्नीला ना पद आहे ना वेतन. तरीही त्या नसलेल्या पदासाठी असलेले पद सोडावे लागले, हे लक्षात घेतले पाहिजे.

याच सुमारास वृत्तपत्रांनी त्यांना ‘सॅमकॅम’ हे नाव दिले. रचनेच्या दृष्टीने हा दोन छाटलेल्या नामांचा समास आहे : पूर्वपद तिचे, उत्तरपद पतिकुलाचे. दोन्ही पदे एकाक्षरी, स्वर एकच, अंत्य व्यंजन एकच. यमकामुळे नाव चटकन तोंडात बसते आणि त्याच यमकामुळे ते लडिवाळ, पोरकट होते. मराठीत ‘काम-बीम’ म्हणताना दुसरे पद निरर्थक असते. येथे दोन्ही पदांना अर्थ असूनही नादाने तो गिळला आहे. पतीचे ‘डेव्ह’ हे लघुरूपही प्रचारात होते, परंतु ते त्याच्या स्वतःच्या नावातूनच निघालेले होते.

नावापेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. २००९ च्या पक्षपरिषदेत त्यांनी मार्क्स अँड स्पेन्सरचा ठिपक्यांचा ६५ पौंडांचा पोशाख घातला. २०११ च्या राजविवाहास त्या टोपीविना गेल्या. या दोन गोष्टींवर रकानेच्या रकाने भरले गेले. त्या लेखनात त्या वाक्याच्या कर्त्या आहेत खऱ्या, पण क्रियापद बहुधा ‘घालणे’ किंवा ‘न घालणे’ एवढेच. बेतणे, शिवणे, निवडणे, नाकारणे ही व्यवसायातली क्रियापदे त्यांच्या वाट्यास क्वचित येतात. डाउनिंग स्ट्रीटवर राहत असताना त्या कापड बेतण्याचे शिक्षण घेत होत्या, ही माहिती वाचकांना सावकाश, बऱ्याच उशिरा मिळाली.

२०१७ च्या आरंभी त्यांनी स्वतःची वस्त्रनिर्मिती सुरू केली आणि तिला ‘सेफिन’ हे नाव दिले. रोमन लिपीत ही सहा अक्षरे आहेत : कॅमरन या आडनावाचे आद्य व अंत्य अक्षर, आणि त्यांच्यामध्ये एल्वेन, फ्लॉरेन्स, आयव्हन व नॅन्सी या चार अपत्यांची आद्याक्षरे. यांपैकी आयव्हन २००९ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, निवर्तला होता. नावात त्याचे अक्षर बरोबर मधोमध नसले तरी आत आहे, राखलेले आहे.

हे नाव कानाने नव्हे, डोळ्यांनी घडवलेले आहे. लिहिताना पतीचे आडनाव दोन्ही टोकांना पहारा देते. उच्चारताना काय होते? इंग्रजी लेखननियमानुसार ‘ई’पूर्वीच्या ‘सी’चा उच्चार ‘स’ होतो; तेव्हा कॅमरनमधला ‘क’ नाहीसा होतो. अखेरचा ‘न्’ नॅन्सीच्या ‘न्’मध्ये विरून जातो. लेखनात उरलेले आडनाव ध्वनीत शिल्लक राहत नाही. हे कर्तीच्या मनात होते असे मी म्हणत नाही. लिपीने ते घडवून आणले. देवनागरीत हे घडलेच नसते, कारण आपल्या लिपीत ‘क’ हा ‘क’च राहतो. ‘सॅमकॅम’मध्ये मात्र तोच ‘क’ खणखणीत ऐकू येतो.

आपल्याकडे विवाहात वधूचे पाळण्यातले नावही बदलत असे. यमुनाची आनंदीबाई जोशी झाली, दुसऱ्या एका यमुनेची रमाबाई रानडे. आणि दोघींची कर्तबगारी दिलेल्या नावांवरच नोंदली गेली. तेव्हा मिळालेले नाव म्हणजे केवळ बंधन, असा सोपा निष्कर्ष येथे काढता येत नाही. कॅमरन हे आडनाव नसते तर नव्या पेढीकडे पहिल्याच दिवशी इतके लक्ष गेले नसते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शेफील्ड घराण्याचे पाठबळ तर त्याहून जुने.

परंतु आडनावाचा जमाखर्च एकतर्फी नव्हता. २०१६ चे सार्वमत पतीने घेतले. त्यानंतर युरोपशी व्यापार करणे किती अडचणीचे झाले आहे हे सॅमान्था यांनी २०२१ साली जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये पेढी बंद करण्याची घोषणा झाली. घाऊक व्यापारातील अस्थैर्य आणि वाढते खर्च हीही कारणे होती. सर्व भार सार्वमतावर टाकणे अनुचित होय. आठ वर्षे चाललेल्या या उद्योगाची बातमी देताना मथळ्यांनी ‘माजी पंतप्रधानांची पत्नी’ हा शब्दप्रयोग पुन्हा बाहेर काढला, आणि ‘सेफिन’ या नावाची फोड मजकुरात कोठेतरी खाली, बहुधा कंसात, राहिली.