‘कोणावर गेलें?’

मातृत्वाचा महिमा गाण्यांत मराठी वाङ्मय कधींच मागें राहिलें नाहीं. परंतु माता कोणास म्हणावें, हा प्रश्न त्यानें क्वचितच विचारला. तसें कारणहि नव्हतें. जिचें बीज तिचाच गर्भ, हें गृहीतच होतें. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीं १९९१ सालीं एका स्त्रीचें बीज दुसरीच्या उदरीं वाढवून मूल जन्मास आणलें, तेव्हांपासून तें गृहीत उरलेलें नाहीं. म्हणून ज्या एका मराठी कलाकृतीनें याच्या जवळचा प्रश्न धिटाईनें हातीं घेतला, तिचें परीक्षण या दृष्टीनें करणें उचित होईल. ती कलाकृति म्हणजे समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा २०११ सालचा चित्रपट.

कथा थोडक्यांत अशी: मेरी ही परदेशी स्त्री आपला गर्भ यशोदा नांवाच्या गरीब खेडूत स्त्रीच्या उदरीं ठेवते; मूल अपंग निपजेल अशी शंका येतांच त्याचा त्याग करून निघून जाते. मूल यशोदेच्या घरीं वाढतें, आणि कांहीं वर्षांनीं मेरी त्यास परत मागावयास येते. गोरापान माधव गांवरान मराठी बोलूं लागतो तेव्हां प्रेक्षक हसतो, आणि हसतां हसतांच त्यास पटतें कीं, वर्ण बीजाबरोबर आला, पण बोली मांडीवर मिळाली. हें या चित्रपटाचें खरें यश. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्यास लाभला, तो यथार्थच होता.

तथापि एक दोष सांगितलाच पाहिजे. नायिकेचें नांव यशोदा ठेवतांच निकाल लागून गेला! त्यांतून बीज जिचें ती स्त्री मूल टाकून गेलेली. प्रतिपक्ष आधींच दोषी ठरविला म्हणजे वाद जिंकणें सोपें. पण प्रश्न सुटत नाहीं. जेथें कोणीच दुष्ट नाहीं, तेथें काय?

तशी स्थिति अनेक सुशिक्षित कुटुंबांत येऊं लागली आहे. पहिलें अपत्य सहज होतें. नोकरी, घर, आजारपण यांत कांहीं वर्षें निघून जातात. आणि पस्तिशीनंतर स्त्रीबीजाचा कस झपाट्यानें उतरतो, गर्भाशय मात्र समर्थ असतें. अशा वेळीं डॉक्टर दुसरीचें बीज सुचवितात. दात्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिनें आयुष्यांत एकदांच दान करावें आणि ७ हून अधिक बीजें घेऊं नयेत, असें २०२१ च्या कायद्यानें ठरविलें. मूल सर्वस्वीं त्या दांपत्याचें. २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें एका स्त्रीनें आपल्या जुळ्या मुलींच्या भेटीची मागणी केली. बीज तिच्या सख्ख्या बहिणीचें असल्यानें बहीण हीच माता, असा प्रतिवाद झाला. न्यायालयानें तो फेटाळला आणि भेटीची मुभा दिली.

कायद्याचें काम येथें संपतें. कलेचें येथें सुरू होतें. आमच्या पालीसारख्या कोंकणांतील गांवीं बारशाला आलेली आजी पाळण्यांत डोकावून प्रथम हेंच विचारते, ‘कोणावर गेलें गो?’ थोरल्याचें नाक आजोळचें, हें सर्वांनीं ठरवून टाकलेलें असतें. धाकटीच्या वेळीं आई काय उत्तर देईल? नऊ महिने तिनेंच पोटांत वाढविलें, वेणा तिनेंच सोसल्या. तरी त्या निरुपद्रवी प्रश्नानें तिच्या काळजांत चर्र होईल. ती खोटें बोलेल काय? धाकटीस पुढें सांगेल काय? आणि एका ताटांत जेवणाऱ्या भावंडांपैकीं एकासच हें ठाऊक असेल तर? शिवाय जिनें दहाबारा दिवस सुया टोचून घेतल्या ती अनामिक दात्री या घराच्या कथेंत कोठें उभी राहील?

देवकी-यशोदेची उपमा येथें अपुरी पडते. ही आई देवकीहि आहे, कारण उदर तिचें. आणि यशोदाहि आहे, कारण मांडी तिची. तिसरीला त्या कथेंत जागाच नाहीं.

आमच्या मतें सत्य लपविण्यापेक्षां तें मुलास लहानपणींच गोष्टीसारखें सांगणें श्रेयस्कर. पुढें परक्याच्या तोंडून कळलेलें सत्य घाव घालतें. आईच्या तोंडून ऐकलेलें अंगवळणीं पडतें. पण अशी गोष्ट सांगावयास भाषा हवी, आणि ती वैद्य वा वकील देणार नाहींत. ती कथालेखकच देईल. ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटानें वाट दाखविली आहे. त्या वाटेनें पुढें जाऊन खलनायिकेविना ही कथा लिहिणारा लेखक मराठीस लवकर लाभो.