'एक दूजे के लिए': उच्चारांच्या दोषाची गोष्ट

आज एकच सिनेमा घेऊ या: 'एक दूजे के लिए', साल १९८१. दिग्दर्शक के. बालचंदर, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गीतं आनंद बक्षी. यातली गाणी तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील, त्यामुळे ती किती गोड आहेत हे सांगण्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते एका आक्षेपाबद्दल. कमल हासनसाठी गाणाऱ्या एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या हिंदीला दक्षिणेचा वास येतो, असा तो आक्षेप. माझं म्हणणं असं आहे की ज्याला दोष म्हटलं गेलं, त्याच्यावरच हे संगीत उभं आहे.

आधी गोष्ट आठवा. गोव्यात दोन शेजारची कुटुंबं. वासू तमिळ, सपना हिंदी बोलणारी. दोघांच्या घरून विरोध, आणि शेवटी अट घातली जाते की वर्षभर भेटायचं नाही. त्या वर्षात वासू हिंदी शिकतो. म्हणजे या प्रेमाच्या आड पैसा नाही, खलनायकही नंतरचा. आड आहे ती भाषा. बालचंदर यांनी हीच गोष्ट १९७८ मध्ये 'मरो चरित्र' या नावाने तेलुगूत केली होती. तो तेलुगू सिनेमा मद्रासमध्ये डब न करता वर्षाहून अधिक काळ चालला. भाषा पुरती कळली नाही तरी प्रेक्षक बसून राहतो, हे बालचंदर यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता किस्सा प्रसिद्ध आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या आवाजासाठी आधी तयार नव्हते. त्यांची अडचण समजून घ्या. ज्या रफींबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, ते जुलै १९८० मध्ये गेले. त्या तोलाच्या उच्चारांची सवय झालेल्या कानाला हा आवाज खटकणारच. बालचंदर यांचं उत्तर साधं होतं: माझ्या नायकाला नीट हिंदी येत नाही, मग त्याच्या गाण्याला कशी येईल?

आता हे गाण्यांत काय करतं ते बघा. लिफ्टमधलं गाणं घ्या. त्याचे शब्द हिंदी सिनेमांच्या नावांचे. बक्षींचं चातुर्य म्हणून आपण ते ऐकतो आणि हसतो. पण ज्याला हिंदी येत नाही, त्याच्याकडे हिंदीचं भांडवल असून असून काय असणार? पोस्टरवर वाचलेली नावं! तेवढ्यावरच तो प्रेम व्यक्त करतो. हेच गाणं अस्खलित उच्चारांत गायलं असतं, तर नुसता शब्दखेळ उरला असता. शीर्षकगीतात तर मधूनच इंग्रजी येतं आणि 'तुझं बोलणं मला कळत नाही' अशा अर्थाची कबुलीच दिली जाते.

आणि यातल्या बहुतेक द्वंद्वगीतांत समोर कोण आहे? लताबाई. त्यांचाही एक किस्सा सर्वश्रुत आहे. उमेदवारीच्या दिवसांत दिलीपकुमार यांनी मराठी गायकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो असा शेरा मारला, आणि लताबाईंनी मौलवींकडे रीतसर उर्दूचे धडे घेतले. म्हणजे एकाच ध्वनिमुद्रणात एकीनं आपला डाळभात कष्टानं पुसून टाकलाय, आणि दुसऱ्याचा सांबारभात मुद्दाम तसाच ठेवलाय. त्या दोन आवाजांतलं अंतर म्हणजेच सपना आणि वासू यांच्यातलं अंतर. ते वेगळं अभिनयानं दाखवावं लागत नाही.

सिनेमातलं सर्वांत गाजलेलं गाणं दोनदा येतं, आनंदात आणि विरहात. चाल शिवरंजनीच्या अंगाची. पाचच स्वर, आणि कोमल गंधाराची हुरहुर. आनंदाच्या गाण्यातही ती हुरहुर आहेच, म्हणून विरहाच्या वेळी चाल बदलावी लागत नाही. मला विरहाचं रूप अधिक सरस वाटतं. तिथे बालसुब्रह्मण्यम एकटे आहेत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा भरगच्च वाद्यमेळ इतर गाण्यांत कधीकधी आवाजावर चाल करून जातो. इथे आवाजाला मोकळी जागा मिळते.

स्वागताचं काय झालं? लोकांनी सिनेमा आणि गाणी दोन्ही डोक्यावर घेतली. बालसुब्रह्मण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आधी 'शंकराभरणम्' या तेलुगू सिनेमासाठी मिळाला होता, आता हिंदीसाठी. फिल्मफेअरनं बक्षींना गौरवलं. पार्श्वगायनाचा पुरस्कार मात्र त्या वर्षी 'लव्ह स्टोरी'साठी अमित कुमारना गेला.

एक गोष्ट मात्र मला खुपते. शिकावं लागतं ते वासूला. सिनेमात संपूर्ण तमिळ गाणं एकही नाही. एकमेकांसाठी असं नाव असलेल्या सिनेमात भाषेचा प्रवास मुख्यतः एकाच दिशेनं होतो. हिंदी प्रेक्षकानं त्या आवाजाला घरात घेतलं, पण तो आपली भाषा बोलत आला म्हणून.

तरी त्यानं दार उघडलं हे खरं. १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया' आला. तिथला नायक तमिळ नव्हता, उच्चारांना कथेची सबब नव्हती, आणि तीच वळणं सलमान खानच्या तोंडी चपखल बसली. आठ वर्षांत ज्याला दोष म्हणत होते, तो एका पिढीसाठी प्रेमाचा आवाज झाला. तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'उच्चार शुद्ध नाहीत' म्हणून एखादा आवाज बाजूला सारू लागलं, तर आधी एवढंच विचारा: गाणं कोणाचं आहे? त्या माणसाची भाषा कशी आहे?