रात्रीच्या गप्पा आणि झाडीतला प्रेक्षक

मराठी वाहिन्यांवर रात्री गप्पांचे कार्यक्रम भरपूर झाले, पण त्यांतला सूत्रसंचालक दिवसेंदिवस पाहुण्याच्याच बाजूचा होत गेला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, गोंदियातल्या प्रेक्षकाला हे चटकन जाणवतं, कारण रात्रभर जागून कलावंताला दाद देण्याची, आणि तोंडावर नापसंती सांगण्याचीही, इथे जुनी सवय आहे.

'झी मराठी'वर २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' आलं आणि पुढच्या दहा वर्षांत सूत्रसंचालक निलेश साबळे यांचं नाव घरोघरी पोचलं. साबळे यांचं बलस्थान त्यांच्या ऐकण्यात होतं. भाऊ कदम किंवा कुशल बद्रिके हे विनोदी कलाकार रंगात आले की ते बाजूला सरत आणि योग्य जागी एकच शब्द टाकत. पण पाहुणे बहुतेक नव्या चित्रपटाच्या प्रचाराला आलेले. त्यांना अडचणीचा प्रश्न विचारायचाच नाही, असा जणू करारच. इथल्या घरांतून 'हे तर जाहिरातच करून राहिले' असं ऐकू येतं, ते खोटं नाही.

त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं वाचत, तेव्हा मात्र हसणारी घरं गप्प व्हायची. शेतकरी, म्हातारे आईबाप, गावाकडची शाळा यांच्याबद्दल कुणीतरी थेट आपल्याशी बोलतंय असं वाटायचं. माझ्या मते त्या दहा वर्षांतलं सर्वांत टिकाऊ काम तेच. अडचणीच्या प्रश्नांचा अपवाद म्हणजे 'खुपते तिथे गुप्ते'. त्यात अवधूत गुप्ते नावाप्रमाणे खुपणारे प्रश्न विचारत. २०२३ मध्ये राज ठाकरे समोर बसले तेव्हा लोकांनी आवर्जून पाहिलं, ते त्या प्रश्नांच्या आशेनेच.

भाषेचं दुखणं याहून खोल आहे. अभिनेते भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली राज्यभर नेली, याचा विदर्भाला अभिमान आहे. पण वऱ्हाडी म्हणजे सगळा विदर्भ नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यातली झाडीबोली, गोंदियाची पोवारी वाहिन्यांच्या गप्पांमध्ये जवळजवळ नाहीतच. बालाघाट आणि छत्तीसगड शेजारी असलेल्या या जिल्ह्यात हिंदी सगळ्यांनाच कळते. मराठी कार्यक्रमात आपलं काही सापडलं नाही की माणूस हिंदीतल्या कपिल शर्माच्या कार्यक्रमाकडे वळतो.

या प्रेक्षकाची खरी सवय मात्र गावातल्या खेळांची. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, खेळ पहाटेपर्यंत चालतो. खडी गंमत या लोकनाट्यात तर शाहिरांचे सवाल-जवाब हेच मुख्य बळ. तिथे गर्दी थेट शाहिराला उत्तर देते, आवडलं तर बक्षीस देते, कंटाळली तर बोलायला लागते. शाहिराला तिथल्या तिथे चाल बदलावी लागते. स्टुडिओतल्या प्रेक्षकाला हसण्याच्या जागा आधी ठरवून दिलेल्या असतात, म्हणून तिथला निवेदक या कसोटीतून कधी जातच नाही. नव्या मुलांना सूत्रसंचालन शिकवायचं असेल, तर त्यांना एक हंगाम या खेळांच्या शामियान्यात उभं करावं असं मला मनापासून वाटतं.

गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कलावंताला सत्काराची पाच मिनिटं देऊन भागणार नाही. त्यांना त्यांच्याच बोलीत तासभर बोलतं करील, असा निवेदक वाहिन्यांनी शोधावा.