‘पिऊन’ या शब्दाची अडचण

आज आम्ही समीक्षेला घेतलेला मजकूर अवघ्या पाच शब्दांचा आहे. ‘दारू पिऊन वाहन चालवू नका.’ महामार्गावर, पेट्रोल पंपावर, 31 डिसेंबरच्या नाकाबंदीत तो आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. त्यामागच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘पिऊन’ या शब्दाबद्दल.

‘पिऊन’ म्हणजे पिणं आधीच उरकलेलं आहे. आज्ञा येते ती त्यानंतर. पण ती ऐकायची कोणी? ज्याचं तारतम्य दारूने सैल करून टाकलं, त्याने! त्याला तर वाटत असतं, आज आपला हात नेहमीपेक्षा छान बसलाय. पाटी त्याच्याशी बोलायला येते तेव्हा त्याच्यातला ऐकणारा उठून गेलेला असतो.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात हा प्रश्न हाताळला आहे. नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देण्याची तरतूद तो सांगतो आणि कारण देतो, की न पिणं त्याच्या हातात होतं. बघा, जबाबदारीचा क्षण त्याने कुठे नेऊन ठेवला! स्टिअरिंगवर नव्हे, पहिल्या पेल्यापाशी.

आपले जनजागृतीवाले मात्र धरून चालतात की माणसाला माहीत नाही. माहीत असतं हो! 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा कदाचित पाठ नसेल. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हेही नसेल ठाऊक. पण पिऊन गाडी हाकू नये, हे कोणाला ठाऊक नाही?

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते एका मोटारीखाली गेले. चालवणारा अल्पवयीन, तो प्यायलेला होता असा आरोप. जामिनाच्या अटींत अपघातांवर 300 शब्दांचा निबंध होता. लोक संतापले, आणि रास्तच संतापले. पण आम्ही विचारतो, त्या निबंधात आणि आपल्या पाटीत तत्त्वतः फरक काय? दोघांचंही गृहीत एकच, की उणीव ज्ञानाची आहे.

1988 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने दुसरी वाट धरली. त्यांनी दूरदर्शन-मालिकांच्या लेखकांना गाठलं. मग ‘चिअर्स’सारख्या मालिकांत पात्रं आपसांत ठरवू लागली, की आज गाडी कोण नेणार, म्हणजेच कोण पिणार नाही. उपदेश नाही, एक रिवाज. बाकीच्यांना ढोसायला मोकळीक मिळते, हा आक्षेप आहेच, आणि तो आम्हाला खराही वाटतो. तरी निर्णयाची वेळ त्यांनी बरोबर पकडली: मैफल सुरू होण्याआधीची.

आपल्याकडे मैफलीत ‘एकाने काय होतंय, घे रे’ म्हणणारा कोणीतरी असतोच. नको म्हणणाऱ्याची थट्टा होते. निघताना गाडीची किल्लीही त्याच्याच हातात कौतुकाने दिली जाते. मोटार वाहन कायद्याचं 188 वं कलम अशा गुन्ह्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही शिक्षेस पात्र धरतं. आमच्या पाहण्यात तरी एकही पाटी या यजमानाला उद्देशून लिहिलेली नाही.

पाटी हवीच असेल तर ती बारच्या पार्किंगमध्ये लावा, आत शिरताना वाचता येईल अशी: ‘परत जाताना कोण चालवणार?’ उत्तर द्यायला त्या वेळी चौघंही शुद्धीत असतात.