बोदोनीचे मुद्राक्षर आणि रूपाची स्वायत्तता

जांबात्तिस्ता बोदोनी (1740–1813) याच्या मुद्राक्षरांची चर्चा बहुधा ‘बुद्धिवादी’ या एका विशेषणापाशी येऊन थांबते. जाड दंड आणि केसाएवढी बारीक रेषा यांतील टोकाचा विरोध, रेषांच्या टोकांना काटकोनात बसवलेले सपाट सेरिफ, उभा अक्ष या वैशिष्ट्यांवरून, अक्षराने हस्तलेखनाशी असलेले नाते तोडले व ते शुद्ध, स्वायत्त रूप झाले, असा निष्कर्ष काढला जातो. त्यात तथ्य आहे. तिरक्या कापलेल्या बोरूने लिहिताना देवनागरीत जाड-बारीकपणा आपोआप उतरतो. बोदोनीच्या अक्षरात तो योजलेला असतो. मात्र योजलेले रूप म्हणजे द्रव्यनिरपेक्ष रूप नव्हे, आणि येथेच हा निष्कर्ष फसतो.

1768 पासून पार्मा येथील ड्यूकच्या मुद्रणालयाची धुरा बोदोनीकडे होती. त्याच्या मृत्यूनंतर, 1818 मध्ये, पत्नीने प्रसिद्ध केलेल्या ‘मानुआले तिपोग्राफिको’त एकट्या रोमन अक्षरांचेच शंभराहून अधिक संच आहेत. शेजारशेजारच्या संचांत आकाराचा फरक अत्यल्प. रूप जर आकारापासून स्वतंत्र असेल, तर हा खटाटोप कशासाठी? उत्तर उघड आहे. मोठ्या आकारात डौलदार दिसणारी बारीक रेषा त्याच प्रमाणात आक्रसली की छपाईत तुटते आणि पानावर केवळ उभ्या दंडांचे कुंपण उरते. म्हणून लहान अक्षरात ती तुलनेने जाड ठेवावी लागते. म्हणजे प्रत्येक आकारागणिक रूप नव्याने घडते, तेही पोलादावर हाताने कोरून! लेखणी दूर झाली, हात नाही.

विल्यम मॉरिसला ही अक्षरे कुरूप वाटली. त्याच्या नापसंतीत मध्ययुगीन कारागिरीचा आग्रह अधिक आहे. पण वाचनसुलभतेचा त्याचा आक्षेप सहज झटकता येत नाही. नेपोलियनला अर्पण केलेले 1808 चे ‘इलियड’ हे प्रथम पाहण्याचे पुस्तक आहे. तेथे वाचक हा दरबारातील प्रेक्षक असतो. विसाव्या शतकात याच कुळातील अक्षरे फॅशन-नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर स्थिरावली. ‘हार्पर्स बाझार’मध्ये 1934 ते 1958 या काळात अलेक्सी ब्रोडोविच याने मोकळ्या पांढऱ्या अवकाशात त्यांची जी मांडणी केली, तिच्यातही तोच प्रेक्षक गृहीत आहे; फक्त आश्रयदाता बदलला.

याच नियतकालिकाच्या 1992 मधील नव्या मांडणीसाठी जोनाथन हेफ्लर याने पॅरिसच्या दिदो घराण्याच्या, म्हणजे बोदोनीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, अक्षरांवर आधारित टंक सिद्ध केला. संगणकावर एकच आरेखन हवे तितके लहान-मोठे करणे तेव्हा अगदी सोपे झाले होते. तरीही त्याने 6 पॉइंटपासून 96 पॉइंटपर्यंत सात आकारांसाठी सात वेगळी आरेखने केली, कारण 96 पॉइंटसाठी आखलेली बारीक रेषा 6 पॉइंटमध्ये कागदावर उमटलीच नसती.